बेळगावात राहून ड्रेसाजचा हंगाम कसा काढावा

सीमाभागात घोड्यांची कमतरता कधीच नव्हती. चिकोडी-अथणीकडे घोडागाडीच्या शर्यतींना माळ भरतो. लग्नसराईत नाचऱ्या घोड्याशिवाय वरात निघत नाही. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माऊलींच्या सोहळ्यासाठी पायी आळंदीला जातात. कमी आहे ती ड्रेसाजची, म्हणजे आखलेल्या मैदानावर ठरलेल्या हालचाली जजसमोर करून दाखवायच्या घोडेस्वारीच्या खेळाची. इथून कोणी या खेळात उतरायचं ठरवलं, तर पहिली अडचण घोड्याची किंवा शिकवणाऱ्याची नसते, अंतराची असते. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, बंगळूर आणि मुंबई पाचशेच्या. बंगळूरचा स्वार सकाळी तबेल्यातून निघून दुपारी घरी जेवायला येतो. आपल्याला प्रत्येक स्पर्धेसाठी घोड्याला आख्खा दिवस ट्रकमध्ये उभं करावं लागतं, आणि परतताना पुन्हा तेच.

म्हणून बेळगावच्या स्वाराचं गणित वेगळं असायला हवं: थोड्या स्पर्धा, घरी भरपूर तयारी, आणि ज्या गुणांना प्रवास लागत नाही ते गुण आधी गाठीला. असे गुण वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात.

कॅलेंडर शेवटाकडून मागे वाचा

आपल्याकडे स्पर्धांचा मुख्य काळ पावसाळा सरल्यापासून उन्हाळा तापायच्या आधीपर्यंत. इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईएफआयचं वेळापत्रक हाती आलं की सगळ्यात शेवटची, सगळ्यात महत्त्वाची स्पर्धा आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. माझ्या मते इथल्या घोड्याला एका हंगामात लांबच्या तीन स्पर्धा पुरेत. पहिली घोड्याला बाहेरचं जग दाखवायला, दुसरी गुणांसाठी, तिसरी मुख्य. दोन स्पर्धांमध्ये किमान चार आठवडे ठेवा. त्यातला पहिला आठवडा प्रवासाचा शीण जाण्यातच संपतो, शेवटचा हलक्या कामाचा असतो, म्हणजे खरं शिकवायला मधले दोनच आठवडे मिळतात.

ईएफआयकडे स्वाराची आणि घोड्याची नोंदणी, घोड्याचा पासपोर्ट, लसीकरणाच्या नोंदी ही कामं पावसाळ्यातच उरका. एफईआय, म्हणजे घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेच्या नियमाखालची स्पर्धा असेल तर फ्लूच्या लसीचा बूस्टर स्पर्धास्थळी पोचण्याआधीच्या सहा महिने अधिक 21 दिवसांत झालेला असावा लागतो, आणि पोचण्याआधीच्या सात दिवसांत लस टोचलेली चालत नाही. हे दोन आकडे पागेच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. चांगला तयार घोडा एका तारखेपायी दारातून परत फिरतो, ही ऐकीव गोष्ट नाही.

घोडा

नियमात जातीची अट नाही. परदेशी वॉर्मब्लड (खेळासाठी पैदास केलेला युरोपीय घोडा) मिळाला तर उत्तम, पण प्रिलिमिनरी आणि एलिमेंटरी या सुरुवातीच्या पातळ्यांच्या टेस्ट (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) मारवाडी, काठेवाडी किंवा रेसमधून उतरलेल्या थरोब्रेडवरही नीट करता येतात. रेसचा थरोब्रेड आपल्याला परवडण्यासारखा असतो. मात्र त्याला धावताना लगामावर भार टाकायची सवय असते, आणि ती मोडायला आख्खं वर्ष गेलं तरी तक्रार करू नका. शर्यतीच्या गाडीतून आलेला घोडा दमदार असतो, पण जोडीत कायम एकाच बाजूला जुंपला असेल तर त्याचं अंग त्या बाजूला आखडलेलं असण्याची शक्यता मोठी. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही दिशांना वीस मीटरचं वर्तुळ ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, काढून बघा. एका बाजूला खांदा बाहेर पडत असेल तर पहिल्या तीन महिन्यांचं काम तिथेच ठरलं.

वरातीच्या घोड्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण इथे 'ड्रेसाज म्हणजे घोडा नाचवणं ना?' हा प्रश्न हटकून येतो. वरातीतला घोडा मान छातीकडे ओढून, पाठ ताठ करून, ताणाखाली पाय उचलतो. ड्रेसाजचा जज नेमके याच गोष्टींचे गुण कापतो. त्याला हवी असते पाठीतून लवचीक हालचाल, उभ्या रेषेच्या किंचित पुढे असलेलं नाक आणि शांत तोंड. वरातीतून आलेल्या घोड्याला आधी मान लांब सोडून चालायला शिकवावं लागतं. त्याचं बरंचसं शिक्षण उलगडूनच पुढे जावं लागतं.

शिकवणीचा क्रम जगभर मान्य असलेला आहे: ताल, सैलपणा, लगामाशी संपर्क, मागच्या पायांतली ताकद, सरळपणा आणि शेवटी कलेक्शन, म्हणजे मागच्या पायांवर भार घेतलेली आवरलेली चाल. 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. 1982 च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीतलं भारताचं ते पहिलं आशियाई सुवर्ण. त्यानंतर अनेकांना एकदम वरच्या चाली शिकायची घाई झाली. पण तालाशिवाय फ्लाइंग चेंज (धावतानाच पुढे पडणारा पाय बदलणं) शिकवलेला घोडा पुढे कुठल्याच पातळीवर टिकत नाही.

घरचं मैदान आखा, सेंटीमीटरपर्यंत

इथे कंटाळा करू नका, कारण मोजलेल्या मैदानाशिवाय वळणांचं माप अंगात बसत नाही. ड्रेसाजचं मैदान 20 बाय 60 मीटर, लहान टेस्टसाठी 20 बाय 40. काटकोन साधायला महागडं साधन लागत नाही. लांब टेप आणि सुतळी पुरते: 20 बाय 60 च्या चौकटीचा कर्ण 63.25 मीटर आला पाहिजे आणि 20 बाय 40 चा 44.72. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकट सरळ आहे. आपल्याकडे घर बांधताना गवंडी पायाची आखणी अशीच तपासतो, त्यामुळे गावातला गवंडी बोलावला तर तासाभरात काम होतं.

अक्षरं लावताना मोठ्या मैदानाच्या लांब बाजूला पहिलं अक्षर कोपऱ्यापासून 6 मीटरवर, मग दर 12 मीटरवर पुढचं: के, व्ही, ई, एस, एच. समोरच्या बाजूला एफ, पी, बी, आर, एम. आत यायची बाजू ए, तिच्यासमोर जज बसतो ती सी. लहान मैदानात लांब बाजूची अक्षरं 6, 20 आणि 34 मीटरवर येतात. तेलाचे रिकामे डबे पांढरे रंगवून त्यावर अक्षरं काढा आणि कुंपणापासून अर्धा मीटर बाहेर ठेवा. कुंपणाला पांढरे पीव्हीसी पाइप विटांवर नुसते टेकवून ठेवले तरी चालतात. पक्के बांधू नका. घोड्याचा पाय लागला की पाइप सुटून पडायला हवा.

आता मापाचा उपयोग. मोठ्या मैदानात ए पासून वीस मीटरचं वर्तुळ काढताना लांब बाजूला तुम्ही कुठे टेकता? बहुतेक जण के या अक्षरावर टेकतात. के आहे 6 मीटरवर, तुम्हाला टेकायचंय 10 मीटरवर, म्हणजे के च्या पुढे 4 मीटर. हेच वर्तुळ मध्यरेषा ओलांडतं ए पासून 20 मीटरवर, म्हणजे 18 मीटरवरच्या एल च्या 2 मीटर पुढे. या चारही बिंदूंवर सुरुवातीला चुन्याची टिंबं टाका. जज सी वर बसून हे वर्तुळ समोरून पाहतो. ते अंड्यासारखं झालं की त्याला मोजपट्टी लागत नाही.

जमिनीचं म्हणाल तर बेळगाव-खानापूरच्या बाजूची तांबडी, मुरमाड जमीन निचऱ्याला बरी. रायबाग-अथणीकडच्या काळ्या मातीवर सरळ घोडा फिरवू नका. पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, दोन्हींत पायाच्या शिरा जातात. तिथे वरची फूटभर माती काढून मुरूम भरा, रोलर फिरवा आणि त्यावर पाच ते आठ सेंटीमीटर वाळू टाका. नदीची वाळू मिळणं अवघड झालंय, धुतलेली एम-सँड चालते. वाळू जास्त खोल टाकली तर घोडा दमतो आणि कंडरा ताणतात. रुंदीला साधारण एक टक्का उतार द्या, म्हणजे वीस मीटरला वीस सेंटीमीटर.

पावसाळा: पाया इथेच पडतो

जून ते सप्टेंबर मैदान ओलं असतं, बाहेर चिखल असतो, आणि घोडा ठाणावर उभा राहून बिघडतो. उघडीप मिळेल तेव्हा पक्क्या रस्त्यावर वॉक करा. कँटोनमेंटच्या बाजूचे सपाट, रहदारी नसलेले रस्ते सकाळी लवकर चांगले. जोमाने चाललेला, लांब मानेचा, चाळीस मिनिटांचा वॉक म्हणजे फुकट गेलेला दिवस नव्हे. टेस्टमध्ये फ्री वॉकला, म्हणजे लगाम लांब सोडून केलेल्या वॉकला, बहुतेक वेळा दुप्पट गुणांक असतो आणि तो इथेच कमावला जातो.

आत काम करता येईल तेव्हा वॉक-ट्रॉट-वॉक, ट्रॉट-हॉल्ट-ट्रॉट असे बदल दर दहा-पंधरा पावलांनी. जमिनीवर चार दांडे ट्रॉटच्या अंतरावर, सुमारे 1.3 मीटर, आपल्या घोड्याच्या पावलाप्रमाणे मागेपुढे करून. लांब दोरीवर गोल फिरवायचं असेल तर आठवड्यातून एकदाच आणि वीस मिनिटांच्या वर नको. लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो.

पावसाळ्यात गोमाश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो. ताप चढउतार करतोय, घोडा खंगतोय, पायांना सूज आहे असं दिसलं तर 'पाऊस आहे म्हणून मरगळला असेल' म्हणत बसू नका, रक्त तपासून घ्या. खुरांच्या तळाला वास येऊन काळी घाण जमत असेल तर ती कुज आहे. रोज खूर काढून कोरडं ठाण द्या आणि नालबंदाला दाखवा. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी बदलायचे. स्पर्धेच्या ऐन आदल्या दिवशी नको, साधारण आठवडाभर आधी.

गणपती, दसरा, ढोलताशे, डीजे, फटाके हा सगळा गोंगाट सीमाभागातल्या घोड्याला फुकटात मिळणारा सराव आहे, आणि बाहेरच्या स्पर्धेत तो कामाला येतो. लाऊडस्पीकर कुरकुरला, टाळ्या वाजल्या, झेंडा फडफडला की अनेक चांगले घोडे उसळतात. मात्र घोड्याला सरळ मिरवणुकीत नेऊन उभा करू नका. लांबून सुरू करा, तो मान खाली घालून चारा खाऊ लागला की थोडं जवळ जा, पुन्हा थांबा. अंकलीचे अश्व लाखभर वारकऱ्यांच्या गजरात रिंगणात धावतात ते काही एका दिवसात तयार होत नाहीत.

आठवडा कसा आखावा

ऑक्टोबरपासून मी असं सुचवेन: सोमवारी पूर्ण सुट्टी, पण घोडा मोकळ्यावर सोडलेला. मंगळवार आणि शुक्रवार मैदानावरचं खरं काम, पाऊण तास, त्यात सुरुवातीचे दहा मिनिटं वॉक आणि शेवटचे दहा मिनिटंही वॉक. बुधवारी बाहेरची रपेट, चढ असेल तर उत्तम, जांबोटी रस्त्याच्या बाजूला चढांना तोटा नाही. गुरुवारी दांडे किंवा हलकं काम. शनिवारी टेस्टचे तुकडे. रविवारी रपेट किंवा लांब मानेने सैल ट्रॉट.

मैदानावरच्या दोन दिवसांत एका वेळी एकच विषय. सरळपणा घेतला तर मध्यरेषेवरून कुंपणाकडे लेग-यील्ड (पुढे जाताना बाजूलाही सरकणं), लांब बाजूला शोल्डर-इन (खांदे आत घेऊन चालणं), आणि कुंपणापासून दोन मीटर आत सरळ रेषा. ही शेवटची गोष्ट सोपी वाटते, करून बघा. कुंपणाचा आधार सुटला की घोडा किती वाकडा चालतो ते कळतं, आणि जजसमोर मध्यरेषेवर नेमकं तेच दिसतं.

कँटर, म्हणजे संथ धाव, मोजून करा. वीस मीटरच्या वर्तुळाचा घेर जवळपास 63 मीटर असतो. वर्किंग कँटरचं पाऊल साडेतीन मीटर धरलं तर अठरा पावलं होतात. मोठ्याने मोजत दोन वर्तुळं काढा. आकडा अठरा, एकवीस, सतरा असा हलत असेल तर ताल तुमच्या हातात नाही. आकडा स्थिर झाला की मग मुद्दाम सोळात करा, मग वीसमध्ये. कलेक्शन आणि एक्स्टेन्शनचं (पाऊल लांबवण्याचं) बीज यातच आहे.

हॉल्ट रोज, पण दोन-तीनदाच. चौकोनी उभा राहिला की मनात पाचपर्यंत मोजा, मग पुढे. टेस्टमध्ये हॉल्ट किमान तीन सेकंद अचल हवा असतो. घरी तीनच मोजायची सवय असेल तर स्पर्धेच्या धडधडीत ती दीड होते.

चंदी, वैरण आणि निषिद्ध पदार्थ

घोड्याचं पोट वैरणीवर चालतं. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण, म्हणजे 450 किलोच्या घोड्याला सात ते नऊ किलो. चांगलं वाळलेलं गवत आणि लसूणघास यांची जोडी उत्तम. ऊस पट्ट्यात वाडं फुकट मिळतं म्हणून सर्रास टाकलं जातं. जनावरांना चालतं, पण घोड्याच्या वैरणीचा तो मुख्य भाग करू नका. हत्ती गवतासारख्या काही गवतांतल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. वर गव्हाचा कोंडा तोबऱ्यात भरभरून दिला तर फॉस्फरस वाढून ते असंतुलन आणखी बिघडतं, आणि हळूहळू घोड्याची हाडं ठिसूळ होऊन जबडा-तोंड सुजतं. कोवळी हिरवी ज्वारी तर बिलकुल नको. तिच्यात विषारी सायनाइड तयार होतं, शिवाय घोड्यांमध्ये ज्वारीच्या हिरव्या चाऱ्यावरून मूत्राशयाचे आणि मागच्या पायांच्या लडखडीचे विकार ओळखीचे आहेत. वाळलेला कडबा थोडा चालतो, त्यावर घोडा ठेवू नये.

दाणा, म्हणजे ओट किंवा भरडलेलं जव आणि थोडा हरभरा, दिवसाकाठी तीन-चार भागांत. एका वेळी दोन किलोच्या वर नको. कामाआधी तीन तास दाणा बंद, गवत चालेल. मीठ रोज मोठे दोन चमचे, घाम आला तर जास्त.

आता निषिद्ध पदार्थ. स्पर्धेत घोड्याचं रक्त किंवा लघवी तपासली जाऊ शकते, आणि आपल्या भागात धोका बाटलीतल्या औषधापेक्षा स्वयंपाकघरातून जास्त येतो. संकेश्वरी मिरची आपला अभिमान, पण तिचा तिखटपणा ज्यात असतो तो कॅप्सेसिन घोड्यांसाठी निषिद्ध आहे. मिरचीच्या वखारीत काम करून आलेल्या मोतद्दाराने हात न धुता तोबरा भरला, किंवा 'पाय दुखतोय' म्हणून कोणी मिरचीचं मलम चोळलं, की प्रकरण ओढवलं. चहाचा चोथा चाऱ्यात टाकायची सवय असेल तर बंद करा, त्यातलं कॅफीन निषिद्ध. खसखशीच्या शेंगाबोंडांपासून लांब राहा. बांधावरचा धोतरा गवताच्या भाऱ्यात येतो, त्यात अॅट्रोपीन असतं. भारा सोडून हाताने निवडा. निपाणीकडच्या पागांमध्ये तंबाखूची पोती आणि चारा एका खोलीत ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको. कुठलंही इंजेक्शन, मलम किंवा आयुर्वेदिक चाटण द्यायचं झालं तर पशुवैद्याला आधी स्पर्धेची तारीख सांगा.

टेस्ट पाठ करताना

टेस्ट घोड्याला शिकवायची नसते, स्वाराला शिकायची असते. अख्खी टेस्ट घोड्यावर पुन्हा पुन्हा केली की तो सी ला आला की आपणहून कँटर धरतो, आणि तुम्ही सांगण्याआधी केलेल्या हालचालीचे गुण जातात. म्हणून घरच्या अंगणात खडूने छोटं मैदान आखा आणि पायी चाला, तोंडाने अक्षर म्हणत. घोड्यावर मात्र तुकडे, आणि तेही उलटसुलट क्रमाने.

पूर्ण टेस्ट घोड्यावर फक्त घरच्या सराव-स्पर्धेत. हिला मी फार महत्त्व देतो, कारण आपल्याला बाहेरच्या स्पर्धा कमी मिळतात. घोड्याला ट्रकमध्ये चढवा, गावाबाहेर एक फेरी मारून आणा, दुसऱ्या कोणाच्या शेतात आखलेल्या मैदानावर उतरवा, पांढरे कपडे चढवा, आणि सी वर टेबल टाकून ओळखीच्या माणसाला घंटा आणि कागद देऊन बसवा. तो जज नसला तरी चालेल. त्याच्यासमोर छत्री उघडलेली ठेवा.

प्रवास

हंगामात सगळ्यात जास्त गुण इथे गळतात. घोडा न्यायच्या आधी पशुवैद्यकीय दाखला लागतो. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांतही ही अट आहे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराच्या तपासणीचा अहवाल बहुतेक ठिकाणी मागतात. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जायचा असेल तर वेळ लागतो, तो आधीच धरा. आपल्याकडचा दाखला कन्नडमध्ये असू शकतो. महाराष्ट्रात जायचं असेल तर इंग्रजी प्रतही मागून घ्या. कोगनोळी नाक्यावर रात्री दोन वाजता भाषांतर करून द्यायला कोणी नसतं.

ट्रकच्या फळ्यांवर रबरी चटई, त्यावर थोडं ओलसर केलेलं पिंजर. कोरड्या तुसाची धूळ फुप्फुसात जाते. दोरी इतकी लांब हवी की घोड्याला मान छातीच्या खाली नेऊन शिंकता, खोकता येईल. तासन्‌तास डोकं वर बांधून ठेवलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेतला कचरा बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा संसर्ग होतो. लांब प्रवासानंतरचा ताप बहुतांशी हाच असतो. दर चार तासांनी थांबा: पाणी, मोकळी मान, थोडं गवत. वारा सरळ तोंडावर नको, पण ताडपत्रीने कोंडूही नका.

पुण्याकडे जाताना तवंदी घाट आणि पुढे खंबाटकी, हे दोन्ही उतार ड्रायव्हरने सावकाश घ्यायचे. घोडा उभ्या उभ्या तोल सावरत असतो आणि प्रत्येक ब्रेकला त्याचे मागचे स्नायू ताणले जातात. आपण ज्या स्नायूंवर चार महिने काम केलं तेच. ड्रायव्हरला निघण्याआधी ट्रकमध्ये मागे उभं करून एक फेरी मारली तर त्याला ते न सांगता कळतं.

रात्री निघून पहाटे पोचणं उन्हाच्या दृष्टीने बरं. बंगळूरसाठी स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोचा, पुण्यासाठी एक दिवस आधी चालेल. परक्या गावचं पाणी घोडे नाकारतात. घरी आठवडाभर पाण्यात गुळाचा छोटा खडा टाकायची सवय लावा, तिथेही टाका. पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा. निरोगी घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असतं. त्याच्या वर गेलं, खाणं सोडलं, तर टेस्ट विसरा आणि पशुवैद्याला बोलवा.

स्पर्धेचा दिवस

वेळ आतून बाहेर मोजा. टेस्ट 9.42 ला असेल तर 9.00 ला घोड्यावर, पहिले दहा-बारा मिनिटं फक्त वॉक, मग सैल ट्रॉट-कँटर, शेवटी टेस्टमधले दोन-तीन बदल आणि एक हॉल्ट. वॉर्मअपच्या मैदानात नवं काही शिकवायला जाऊ नका. पैलवान फडात उतरल्यावर जोर-बैठका काढत नाही, तिथे अंग फक्त मोकळं करायचं असतं. शेजारचा स्वार काय करतोय ते पाहून आपली योजना बदलू नका. त्याचा घोडा कदाचित काल संध्याकाळी घरून चालत आलेला असेल.

नाकपट्टी आवळलेली नको, नाकाच्या हाडावर दोन बोटं सरकली पाहिजेत. बिट (तोंडातली लगामाची कडी) आणि चाबूक त्या टेस्टला चालतात का हे नियमपुस्तकात आदल्या रात्री बघा. एफईआयच्या स्पर्धेत चाबूक घेऊन टेस्टच्या मैदानात जाता येत नाही, राष्ट्रीय टेस्टचे नियम वेगळे असू शकतात. तोंडात किंवा बरगडीवर रक्त दिसलं तर घोडा बाद होऊ शकतो, म्हणून बिट आणि टाचांचे काटे नीट तपासा.

घंटा झाली की घाबरून धावू नका, पण रेंगाळूही नका, आत येण्याला वेळेची मर्यादा असते. मध्यरेषेवर नजर जजच्या डोक्यावर ठेवा, घोड्याच्या मानेवर नको. वेग किंचित जास्त असला की रेषा सरळ राहते. मैदानाच्या मधोमध असलेल्या एक्स वर हॉल्ट, लगाम एका हातात, दुसरा हात खाली, मान झुकवून सलाम. कोपरे पूर्ण वापरा. प्रत्येक कोपरा म्हणजे पुढच्या हालचालीच्या आधी घोड्याला सावरायला मिळणारी फुकटची तीन-चार पावलं, आणि ती बहुतेक जण सोडून देतात. चुकीच्या दिशेला वळलात आणि घंटा वाजली तर थांबा, जज सांगेल तिथून सुरू करा. चुकीबद्दल गुण कापले जातात, पण त्या विचारात पुढच्या चार हालचाली घालवणं त्याहून महाग.

गुणपत्रिका

प्रत्येक हालचालीला 0 ते 10, अर्धे गुणही मिळतात. 5 म्हणजे जेमतेम, 6 समाधानकारक, 7 बऱ्यापैकी, 8 चांगलं. घरी आल्यावर एकूण टक्केवारी बाजूला ठेवा आणि हालचालींचे तीन ढीग करा: वॉक आणि हॉल्ट, बदल आणि कोपरे, उरलेलं सगळं. समजा एकूण 260 गुणांची टेस्ट आहे आणि दुप्पट गुणांकाच्या दोन हालचालींत तुम्ही एकेक गुण वाढवला. चार गुण, म्हणजे दीड टक्का. ट्रॉट भव्य करून तेवढं मिळवायला वर्ष जाईल, आणि घोड्याच्या जातीला मर्यादा असेल तर कधी मिळणारही नाही. फ्री वॉक आणि मध्यरेषा मात्र मारवाडी घोडाही 7 ची करू शकतो.

जजचा शेरा 'ताण' असा तीनदा आला तर पुढच्या महिन्यात नवी हालचाल नको, लांब मानेचं काम. 'वाकडा' आला तर कुंपणापासून आतल्या रेषा. 'मागून कमी' आला तर चढाच्या रपेटी. शेरे वहीत तारखेसह उतरवून ठेवा. दुसऱ्या स्पर्धेनंतर ती वही कुठल्याही शिकवणाऱ्यापेक्षा खरं बोलते.

परतल्यावर दोन दिवस घोडा मोकळ्यावर, तिसऱ्या दिवशी वॉक, आठवड्याच्या शेवटी ट्रॉट. मुख्य स्पर्धा संपली की मार्च-एप्रिलमध्ये काम हळूहळू उतरवा, एकदम बंद करू नका. काम उतरवण्याच्या आधी दाणा कमी करा, नाहीतर ठाणावर उभ्या घोड्याला पोटशूळ किंवा स्नायू आखडण्याचा त्रास होतो. जमीन मऊ असेल तर नाल काढून सहा आठवडे खुरांना मोकळीक द्या, दात घासून घ्या, शेणाची तपासणी करून जंताचं औषध द्या, आणि खोगीर पाठीवर अजून नीट बसतंय का ते पाहून घ्या, कारण हंगामभर कसलेल्या घोड्याच्या पाठीचा आकार बदललेला असतो.